हाक कुणाची होती

सुंदराआत्यांच्या दारात मी पहिल्यांदा उभी राहिले ती काडीपेटी मागायला. बजाजनगरच्या मागं नवीन प्लॉटिंग पडलं होतं, तिथं आम्ही भाड्यानं राहायला आलो होतो आणि स्वयंपाकाच्या सामानाचं एक पोतं टेम्पोतच राहून गेलं होतं. शेजारच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत बांगड्या वाजत होत्या, कुणीतरी ज्वारी पाखडत होतं. मी म्हटलं, आहे का कुणी घरात. बांगड्या थांबल्या. मी पुन्हा म्हटलं, अहो ताई. आत इतकं शांत झालं, की सुपातून घरंगळणारे दाणे ऐकू आले. बाई बहिरी असेल नाहीतर तुसडी, असं मनाशी म्हणत मी वळले, तेव्हा आतून आवाज आला, "कोण म्हणून सांग आधी."

मी माझं नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, माहेरचं गाव सांगितलं. तेव्हा कुठं दार उघडलं. समोर एक उंच, काटक बाई उभी होती. नऊवारी लुगडं, कपाळावर नि हनुवटीवर हिरवं गोंदण, आणि डोळे असे की समोरच्या माणसाच्या मागं आणखी कुणी उभं आहे का ते बघताहेत. काडीपेटी दिली, वर मूठभर मीठ दिलं, पाण्याचा तांब्या दिला. मग सहज, पावसापाण्याचं बोलावं तसं म्हणाल्या, "भुताला दुसऱ्याचं नाव घेता येतं, सोताचं घेता येत नाय. म्हणून इचारावं. राग मानू नको." मी हसले. त्या हसल्या नाहीत.

आत्या धनगराच्या. लहानपण मेंढरांमागं गेलेलं, त्यामुळं चार भिंतींत त्यांचा जीव रमत नसे. नवरा वारला, जमीन अशी नव्हतीच, म्हणून मुलाच्या, रामदासच्या मागं त्या इथं आल्या. रामदास एका कारखान्यात पाळीवर जायचा. आत्यांनी त्या सिमेंटच्या गल्लीतही दोन शेळ्या ठेवल्या होत्या आणि त्यांना घेऊन त्या मोकळ्या प्लॉटांमधून हिंडायच्या. गल्लीतल्या सगळ्यांच्या त्या आत्या होत्या. कुणाचं मूल रडायचं थांबेना की त्याला आत्यांकडं नेत. त्या त्याला काही करत नसत, फक्त खांद्यावर टाकून त्याच्या कानात त्याचंच नाव हळू म्हणत राहत.

दारातली ती सवय त्यांच्या सगळ्या बोलण्यात होती. कुणी म्हणालं, लोक असं म्हणतात, की आत्या विचारणार, "कोण लोक? नाव सांग." माझ्या नवऱ्याला राजकारणाची आवड. तेव्हा शहराचं नाव काय म्हणायचं यावरूनसुद्धा गल्लीत दोन तट होते. माणूस कोणतं नाव घेतो यावरून तो कुणाचा ते ठरायचं. आत्या दोन्ही नावं घेत नसत. "शहरात जाऊन येते," एवढंच म्हणत. एकदा चहा पिताना हे तावातावानं सांगत होते, की ते लोक असेच असतात, त्यांच्यावर विश्वास ठेवायचा नसतो. आत्यांनी बशी खाली ठेवली आणि विचारलं, तुमच्या खात्यात त्यांच्यातला कोण आहे. हे म्हणाले, बशीर आहे. बशीर काय म्हणाला, असं आत्यांनी विचारलं. बशीर काही म्हणाला नव्हता. बशीरनं गेल्याच आठवड्यात यांच्या बदली जास्तीची पाळी केली होती. "मंग बशीरचं सांगा," आत्या म्हणाल्या, "जे नाय त्याचं कशाला सांगता." त्यात टोचून बोलणं नव्हतं. पण त्यांच्यासमोर गप्पा मारायला पुरुष जरा कचरायचेच.

आमची गल्ली म्हणजे समोरासमोर पत्र्याच्या खोल्यांची रांग, मधे मुरूम टाकलेला रस्ता आणि टोकाला पाण्याचा हौद. सकाळची पाळी गेली, की दुपारी उरायच्या बायका, तान्ही मुलं आणि ऊन. कारखान्यांची घरघर लांबून इतकी एकसारखी चालू असायची, की थोड्या वेळानं ती ऐकू येईनाशी व्हायची. आणि ती ऐकू येईनाशी झाली, की कान दुसरं काहीतरी शोधायला लागायचे. अशा वेळी कुत्रीसुद्धा भिंतीच्या सावलीला पडून एकाच दिशेला बघत राहायची. तिकडं काहीच नसायचं.

समोरच्या खोलीत लता राहायची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. हसरी आणि तितकीच भित्री. एका दुपारी टँकरची वाट बघत आम्ही हौदावर बसलो होतो, तेव्हा तिनंच आत्यांना छेडलं. तुम्ही नाव विचारल्याशिवाय ओ का देत नाही, म्हणून. मग आत्यांनी हाकामारीचं सांगितलं. निजामाविरुद्धची पोलीस ॲक्शन झाल्यावरचे दिवस होते. आधी एका बाजूच्या माणसांनी गावोगाव छळ मांडला होता, मग वारं फिरलं आणि दुसऱ्या बाजूची माणसं सूड घ्यायला निघाली. त्या दिवसांत दिवेलागणीला गावात हाकामारी यायची. तिला स्वतःचा आवाज नसतो. ती आपल्या ओळखीच्या माणसाचा आवाज घेऊन येते, दाराबाहेर उभी राहून नावानं हाक मारते, आणि ओ दिली की माणूस तिच्यामागं चालायला लागतो. आत्यांच्या शेजारचा कासिम पिंजारी असाच गेला. भाकरी खात बसला होता. हाक आली, आलो म्हणाला, हातातला घास ताटात ठेवला आणि उठला. तो परत आला नाही.

आत्या हे सांगत होत्या तेव्हा कुणाच्याच तोंडाकडं बघत नव्हत्या. लता हसली, पण तिनं माझा हात धरला होता.

पुढच्या काही दिवसांत पहिली हाक लतालाच आली. गावाकडं असलेल्या सासूच्या आवाजात. भर दुपारी, दारात. तिनं मला सांगितलं, मी कंत्राटदार भाऊसाहेबांच्या बायकोला सांगितलं, आणि दोन दिवसांत अर्ध्या गल्लीला हाका ऐकू यायला लागल्या. कुणी दारावर चुन्याच्या फुल्या मारल्या, कुणी उंबऱ्यावर लिंबाचा पाला टांगला. मी वरवर थट्टा करत होते.

मग एके दिवशी मी पाळण्याजवळ बसले होते. माझं तान्हं नुकतंच झोपलं होतं. बाहेरून आवाज आला, "सुने, दार उघड गं." सुनंदाची सुना करून मला सुने म्हणणारी जगात एकच बाई होती, माझी आई, आणि ती त्याच्या आदल्या संक्रांतीला गेली होती. मी उठले. भीती वाटली असं म्हणणं खोटं होईल. मला बरं वाटलं. प्रवासातून ती दमून आली असेल, पाणी द्यायला हवं, असा विचार मनात आला. माझा हात कडीवर होता. उन्हानं तापलेलं लोखंड हाताला चटकलं तेव्हा मी भानावर आले आणि मला आत्या आठवल्या. मी विचारलं, कोण. बाहेर काहीच नाही. पुन्हा विचारलं. बाहेरची कडी एकदा, अगदी हलकी, हलली. मी तशीच उभी राहिले. खूप वेळानं दार उघडलं तेव्हा पायरीवर फक्त ऊन होतं. ते काय होतं मला अजून माहीत नाही. ऐकू आलं, एवढं खरं.

आणि त्याच आठवड्यात लता तापानं फणफणली. शहरातल्या दवाखान्यात नेली, पण ती परत आली नाही. तिच्या मयतीला जमलेल्या बायका एकच गोष्ट बोलत होत्या, तिनं ओ दिली होती.

तेव्हा ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर होती. दोन पॅनेलं होती. एकाचे पुढारी भाऊसाहेब, बांधकामाची कंत्राटं घेणारे, बोलण्यात गोड. आमचे हे त्यांच्याच पॅनेलचं काम करत. दुसऱ्या पॅनेलनं कधीतरी आठवडी बाजार सुरू केला होता आणि त्यामुळं शहरातले फेरीवाले आमच्याकडं यायला लागले होते. त्यांत एक खैरूनबी होती. म्हातारी, डोक्यावर गाठोडं, त्यात सुया, हुक, मिशरी, काजळ. तिला गल्लीतल्या प्रत्येक बाईचं नाव पाठ होतं आणि दुपारी ती दारोदार नावानं हाक मारत जायची. इतके दिवस त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. भाऊसाहेब सभेत एवढंच म्हणाले, की बाहेरच्या बाया भर दुपारी आपल्या बायकांना नावानं हाका मारत हिंडतात, त्या कुणाच्या जोरावर, याचा विचार ज्यानं त्यानं करावा. तेवढं पुरलं. हाकामारीला तोंड मिळालं, जात मिळाली, पॅनेलही मिळालं. खैरूनबी नव्हती त्या दिवशीही हाका आल्या होत्या, हे कुणालाच आठवेना. मी ते यांना सांगून बघितलं. हे म्हणाले, तू यात पडू नको.

सुट्टीच्या दिवशी पुरुष घरी होते, आणि त्या दिवशी खैरूनबी आली. मी बाहेर आले तेव्हा तिला हौदाच्या कट्ट्याला टेकवून बसवलं होतं. गाठोडं उसकटलं होतं, सुया मुरमात सांडून चमकत होत्या. माणसं चाळीसेक असतील, पण ओरडत कुणी नव्हतं. तेच वाईट होतं. एकाच्या हातात शेळ्या बांधायचा दोर होता, एकाच्या हातात पाइपचा तुकडा. कुणीतरी तिला विचारत होतं, लताला हाक मारलीस का. ती म्हणत होती, "सबकू मारती मैं. नाम लेकू बुलाती. नाम नक्को लेऊं तो कौन बाहर आती, बेटा?" तिला वाटत होतं ती सुटकेचं बोलते आहे. प्रत्येक शब्दाला घेर एक पाऊल आत येत होता.

आत्या मोकळ्या प्लॉटाकडून आल्या. गर्दीनं त्यांना वाट दिली, कारण त्या आत्या होत्या. त्या खैरूनबीकडं गेल्याच नाहीत. थेट भाऊसाहेबांसमोर उभ्या राहिल्या आणि विचारलं, ही बाई हाकामारी आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं. भाऊसाहेब म्हणाले, सगळी गल्ली सांगते.

"गल्लीला तोंड नाय, भाऊसाहेब. माणसाचं नाव सांगा."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. भाऊसाहेबांना उत्तर देणं भाग पडलं. ते म्हणाले, हाका येतात हे आमच्या घरातून कळलं. आत्यांनी त्यांच्या बायकोकडं बघितलं. ती म्हणाली, मला सुनंदानं सांगितलं. सगळे माझ्याकडं वळले. यांनी डोळ्यांनी मला गप्प राहायला खुणावलं. मी म्हटलं, मला लतानं सांगितलं.

लताचं नाव निघालं. तिचा नवरा घेरातच होता. त्यानं तोंडात पदर कोंबावा तशी आपल्या शर्टाची बाही तोंडात धरली. नावांची साखळी तिथं संपत होती. मेलेल्या माणसाला पुढचं नाव कोण विचारणार. हौदावरच्या त्या दुपारचं ठाऊक असलेल्या आता दोघीच उरलो होतो, मी आणि आत्या. मी बोलणार नव्हते, हे त्यांनाही माहीत असावं. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं.

"आन लताला म्या सांगितलं," आत्या म्हणाल्या.

मग त्या बोलत गेल्या. त्या उन्हात त्यांचा आवाज सपाट येत होता, दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसा. "हाकामारीचं नाव ह्या गल्लीत म्या आणलं. त्येबी खोटं आणलं. आमच्या गावात हाकामारी नव्हती. कासिम पिंजाऱ्याला हाक मारली ती माझ्या बापानं. मल्हारी त्याचं नाव. आवाज म्या वळखला. मी आईच्या मांडीवर हुते. बाबा म्हणून मी तोंड उघडलं, तर आईनं तोंडावर हात ठिवला. सकाळी गाव म्हणलं, हाकामारीनं नेलं. आई म्हणली, तूबी तसंच म्हण. मी जल्मभर तसंच म्हणत आले. लता त्यानंच भ्याली. तिला ताप हाकेनं आला का पाण्यानं आला, मला ठाव नाय. पण बांधायचं आसंल तर मला बांधा. ह्या म्हातारीचं ह्यात कायबी नाय."

कुणीतरी हळूच म्हणालं, म्हणजे हीच. तो शब्द घेरातून फिरत गेला. माणसं जागची हलली आणि मला वाटलं, आता. लताचा नवरा पुढं आला. तो आत्यांच्या इतक्या जवळ गेला, की त्यांच्या लुगड्याला त्याचे गुडघे लागले. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तो खाली बसला होता आणि मुरमातून एकेक सुई वेचत होता. वेचून खैरूनबीच्या ओंजळीत टाकत होता. बराच वेळ तेवढंच चाललं. माणसं एकेक करून मागं सरकली. पाइपचा तुकडा कुणीतरी भिंतीपाशी ठेवून दिला. माझ्या घराच्या मागच्या दारानं मी खैरूनबीला मोठ्या रस्त्यापर्यंत पोचवलं. रिक्षात बसताना तिनं माझा हात घट्ट धरला आणि विचारलं, वो बुढ्ढी का नाम क्या है. मी सांगितलं. तिनं ते दोनदा म्हणून बघितलं.

आत्यांची कुणी वाहवा केली असेल असं वाटत असेल तर तसं झालं नाही. दोन्ही पॅनेलांना त्यांची गोष्ट मात्र हवीशी झाली. एका बाजूचा माणूस येऊन म्हणाला, आत्या, आमच्या सभेत एवढंच सांगा की तुमच्या बापाला जबरदस्तीनं पुढं केलं होतं, आपली माणसं आपण होऊन असं करत नाहीत. दुसऱ्या बाजूचा येऊन म्हणाला, सांगा की त्यानं समजून उमजून केलं, म्हणजे यांचा खरा चेहरा लोकांना दिसेल. दोघांनाही आत्यांनी पाणी दिलं आणि दोघांनाही सांगितलं, "मला दिसलं नाय. आवाज आला, तेवढं सांगितलं. दिसलं नाय ते सांगणार नाय."

गावाकडून त्यांचा भाऊ आला. त्यांच्या दारात उभा राहून तो बराच वेळ विनवत होता, भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं. बाप गेला, त्याला जाऊ दे. निदान म्हण की त्याच्या मानेवर कुऱ्हाड होती. कुणाचं काय जातं. आत्या म्हणाल्या, असंल. नसंलबी. त्यानंतर भावानं येणं-जाणं तोडलं. रामदासनं आईला टाकलं नाही, पण तो तिच्याशी बोलेनासा झाला. ताट वाढून घ्यायचा, जेवायचा, कामावर जायचा. लोक त्यांना टाळत नव्हते, फक्त त्या आल्या की बोलणं थांबायचं. रडकी मुलं आता त्यांच्याकडं कुणी नेईना. हाका मात्र गल्लीत थांबल्या. भाऊसाहेब निवडून आले की पडले, हे मला खरोखरच आठवत नाही.

एके दिवशी आत्या मला म्हणाल्या, शहरात येतीस का. उस्मानपुऱ्यात एका दुकानात जायचंय. मला एकटीला पाय उचलंना. मी विचारलं, कुणाचं दुकान. त्या म्हणाल्या, कासिमभाईच्या यूसुफचं. बाप गेला तेव्हा तो एवढासा होता, त्यांच्याबरोबर खेळायचा. पुढं त्याची आई त्याला घेऊन शहरात आली. तो उस्मानपुऱ्यात गाद्या-उशांचं दुकान चालवतो, हे आत्यांना कित्येक वर्षांपासून माहीत होतं. शहरात गेल्या की त्या त्याच रस्त्यानं जायच्या, पण दुकान आलं की रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं चालायच्या.

दुकान लहान होतं. मागच्या खोलीत कापूस पिंजायचं यंत्र नुकतंच बंद केलेलं असावं, कारण हवेत तंतू तरंगत होते. झरोक्यातून उन्हाची तिरीप येत होती आणि तिच्यात ते तंतू वरही जात नव्हते, खालीही येत नव्हते. यूसुफभाई पांढऱ्या दाढीचे, बारीक अंगाचे गृहस्थ होते. त्यांच्या भुवयांवर, पापण्यांवर कापूस बसला होता. त्यांनी आत्यांना बघितलं आणि आत्यांनी काही सांगायच्या आधीच ते म्हणाले, "सुंदरा." आम्हाला त्यांनी नव्या गादीवर बसवलं. सुनेला चहा टाकायला सांगितलं.

आत्यांनी वेळ लावला नाही. सगळं सांगितलं, बापाचं नाव घेऊन. यूसुफभाई मान खाली घालून बोटांनी कापसाची गुठळी सोडवत ऐकत होते. मग म्हणाले, "मालूम था. अम्मी बोली थी, मल्हारी मामू का आवाज था." अम्मीनं सांगितलं होतं, पण कुणाला बोलायचं नाही असंही सांगितलं होतं. त्याच गावात आणखी काही महिने काढायचे होते. बाजारात मल्हारी मामू दिसले की अम्मी डोक्यावर पदर घेऊन बाजूला उभी राहायची, आणि मामू मान खाली घालून निघून जायचे. एवढंच.

मग त्यांनी तेच विचारलं, जे सगळ्यांनी विचारलं होतं. "मजबूरी में बुलाए थे क्या मामू?"

त्या खोलीत, त्या माणसाला, हो म्हणून टाकणं किती सोपं होतं. त्यांना बरं वाटलं असतं, आत्यांनाही वाटलं असतं. आत्या म्हणाल्या, "ते मला दिसलं नाय, यूसुफ. भायेर अंधार पडला हुता. त्याच्यासंगं कोण हुतं, त्याला धरून आणलं हुतं का तो सोताहून आला, कायबी दिसलं नाय. फकस्त आवाज आला."

यूसुफभाईंनी कापसाची गुठळी पुन्हा हातात घेतली. पलीकडच्या रस्त्यावर एक हातगाडी वाजत गेली. थोड्या वेळानं ते म्हणाले, "मैं सो गया था उस दिन. कैसा था आवाज? क्या बोले?"

आत्यांनी विचारलं, म्हणू का. त्यांनी मान हलवली. आत्यांनी पदर नीट केला, डोळे मिटले. मग त्यांच्या तोंडून जो आवाज आला तो बाईचा नव्हता. भरदार, थोडा घोगरा, उघड्या माळावर बोलायची सवय असलेल्या माणसाचा आवाज. त्यात घाई होती आणि माया होती. "कासिमभाई, ये रे जरा. मेंढी अडलीय. तुझ्याबिगर व्हायचं नाय."

यूसुफभाई उठले. त्यांना आपण उठलो हे कळलं नसावं. "हौ, आया," म्हणाले आणि अनवाणी दारापर्यंत गेले, एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला आणि तिथंच, उन्हात, आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. त्यांची सून कपबशा घेऊन आली होती, ती जागीच थांबली. मग ते मागं न वळता म्हणाले, "अब्बा के हाथ पतले थे. मेंढी अडी तो मामू उन्हीकू बुलाते थे." आणि जरा वेळानं, "ऐसा बुलाए तो मैं भी जाता."

आम्ही चहा घेतला. निघताना त्यांनी आत्यांना एक उशी दिली, आत्यांनी ती घेतली. येताना रिक्षात त्या उशी मांडीवर धरून बसल्या होत्या. क्रांती चौक मागं पडल्यावर मला म्हणाल्या, "सुनंदा, एक इपरीत झालं गं. मला बापाचा आवाज आठवंना." मी म्हटलं, दमला असाल. त्या म्हणाल्या, "नाय. रोज यायचा. दुपारी डोळा लागला की यायचा. आता मनात आणायला जाते, तर तिथं काय नाय." त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं की सुटका, ते मला तेव्हा ओळखता आलं नाही.

आत्या पुढच्याच वर्षी गेल्या, झोपेत, त्याच उशीवर डोकं ठेवून. शेवटचे काही महिने रामदास त्यांच्याशी बोलायला लागला होता, तेही फार नाही, शेळ्यांचं वगैरे. तेरावं झाल्यावर मला वाटलं, यूसुफभाईंना कळवायला हवं. म्हणून मी उस्मानपुऱ्यात गेले. दुपारची वेळ होती. दुकान अर्धं बंद होतं, ते आत गाद्यांच्या ढिगाला टेकून बसले होते. आत्या गेल्याचं सांगितल्यावर त्यांनी दोन्ही हात वर करून मनातल्या मनात काही म्हटलं. मग मला बसायला सांगितलं. आम्ही थोडं इकडचं तिकडचं बोललो. बोलता बोलता त्यांनी एकदम हात वर करून मला थांबवलं आणि दाराकडं कान दिला. मला काहीही ऐकू आलं नाही.

मी विचारलं, काय झालं.

"दोपहर कू आता है," ते म्हणाले. "मामू का आवाज. वो सुंदरा आकू गई उस दिन से." मला भीती वाटते की काय ते बघायला त्यांनी माझ्याकडं निरखून पाहिलं, मग समजावल्यासारखं म्हणाले, की घाबरण्यासारखं काही नाही. आवाज आला की अब्बाही इथंच असल्यासारखे वाटतात, या गाद्यांपाशी, जेवायला बसलेले. आणि ते उठायला लागले की यूसुफभाई त्यांचा हात धरतात.

"मैं बोलता, बैठो अब्बा. रोटी खाओ. नक्को जाओ."